गाणारा आणि टिपणारा : सूरजागडच्या निमित्ताने

कलावंत आणि सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक ह्यांनी संशोधनात परस्परांचे सहकारी व्हावे, असा विचार गेली काही वर्षे विद्यापीठांतून आग्रहाने मांडला जात आहे. चित्रकाराला खेड्यात न्यावे, नाटककाराला मुलाखती ऐकू द्याव्यात, छायाचित्रकाराने पाहणीच्या आकड्यांना चेहरा द्यावा, अशा स्वरूपाच्या योजना आखल्या जातात आणि त्यांना नावीन्याचे श्रेयही दिले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशापुरते बोलावयाचे तर हा नावीन्याचा दावा टिकण्यासारखा नाही. गोंडांविषयी आज ग्रंथरूपाने जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याचा फार मोठा भाग गायकांच्या तोंडून आलेला आहे. सहकार्य जुने आहे. नाव तेवढे नवे. तेव्हा सहकार्य असावे की नसावे हा वाद गौण ठरतो, आणि जे सहकार्य दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आले ते कोणत्या जातीचे होते, हा प्रश्न पुढे येतो. सूरजागडसारख्या ठिकाणी ह्या प्रश्नाच्या उत्तरावर केवळ ग्रंथाची गुणवत्ता अवलंबून नाही. तेथे एका डोंगरावरील हक्काचा निवाडा त्याच्याशी गुंतलेला आहे.

आरंभ नागपूरपासून करावा लागतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रसाराच्या जोडीने भूगर्भशास्त्र, प्राचीन शिळावर्तुळे आणि आदिवासी जमाती ह्यांचा अभ्यास त्यांनी चालविला होता. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना ते नदीच्या पुरात बुडाले. त्यांच्या मागे राहिलेले कागद मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल ह्यांनी संपादून १८६६ साली प्रसिद्ध केले. ह्या संग्रहातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे लिंगोची कथा सांगणारे दीर्घ गोंडी गीत होय. रोमन लिपीत मूळ गोंडी शब्द आणि त्यांखाली इंग्रजी अर्थ, अशी त्याची मांडणी आहे. हे गीत एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेले होते. पुढे रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या कोशापर्यंत गोंडांच्या उत्पत्तिकथेचे जे जे विवेचन झाले, ते ह्या एका पाठाच्या आधाराने झाले आहे. अभ्यासपरंपरेत मात्र तो हिस्लॉपचा पाठ म्हणून ओळखला जातो. ज्याने तो सांगितला त्या परधानाच्या नावाने तो कोणीच ओळखत नाही.

नाव न येणे हा अन्याय खराच. परंतु येथे तेवढ्यावर थांबून चालणार नाही. शास्त्राच्या दृष्टीने अधिक गंभीर गोष्ट अशी की, गायकाच्या नावाबरोबर त्याने घेतलेले निर्णयही अदृश्य झाले. परधानाचे गायन हे किंगरीच्या साथीने, यजमानाच्या अंगणात, विशिष्ट प्रसंगी होणारे गायन असते. कोणत्या कुळापुढे कोणता भाग विस्ताराने सांगावयाचा, कोठे आवरते घ्यावयाचे, कोणते नाव कोणाच्या देखत उच्चारावयाचे नाही, हे तो जाणतो. लेखणीपुढे बसून शब्द सांगताना हे सर्व निर्णय त्याला नव्याने घ्यावे लागतात, कारण समोरचा माणूस यजमान नसतो आणि प्रसंगही कोणताच नसतो. असा पाठ ना धड गायलेला ना धड लिहिलेला. त्याची एक तिसरीच जात होते. तो निकृष्टच असतो असे मात्र समजू नये. आल्बर्ट लॉर्ड ह्यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, मुरलेला गायक सावकाश सांगावयास मिळाल्यास कधीकधी गाण्याहूनही सविस्तर व सुडौल पाठ देतो. मुद्दा असा की, पाठ कसा झाला हे ठाऊक नसेल तर त्यातील विस्तार हा परंपरेचा, प्रसंगाचा की पुढ्यातल्या श्रोत्याचा, हे सांगता येत नाही. गीताचा अमुक भाग मिशनऱ्यासाठी म्हणून सौम्य झाला असेल काय? एखादा भाग मुळीच सांगितला गेला नसेल काय? हे विचारावयाचे ज्याला, तो मनुष्यच नोंदीतून निसटला आहे.

ह्याउलट उदाहरण लॉर्ड ह्यांचे गुरू मिलमन पॅरी ह्यांच्या कार्यात सापडते. १९३३ ते १९३५ ह्या काळात पॅरी ह्यांनी युगोस्लाव्हियात वीरगीतांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात निकोला वुयनोविच हा त्यांचा साहाय्यक होता. हा स्वतः गायक होता. इतर गायकांना प्रश्न विचारण्याचे काम बहुधा तोच करी, आणि त्या संभाषणांच्याही नोंदी ठेवल्या गेल्या. गायकाने गायकाला विचारलेला प्रश्न आणि प्राध्यापकाने गायकाला विचारलेला प्रश्न ह्यांत महदंतर आहे. पहिल्यात तुम्ही हे गीत कोणाकडून उचलले, एकदा ऐकून तुम्हांला ते गाता येते काय, दोघांनी गायलेले एकच गीत तुम्ही ‘तेच’ म्हणता ते कोणत्या अर्थाने, असे धंद्यातले प्रश्न येतात. आणि पॅरी-लॉर्ड सिद्धांताचा पाया अशाच प्रश्नोत्तरांवर रचला गेला. गोंडवनाच्या अभ्यासाला असा वुयनोविच मिळाला असता तर लिंगोच्या गीतावरील पुढचे लेखन निराळे झाले असते, असे म्हणावयास हरकत नाही.

कलावंताचा प्रवेश झाला की संशोधन आपोआप सजीव होते, ही समजूतही हेच गीत खोटी पाडते. जेम्स फॉर्सिथ ह्या वनाधिकाऱ्याने १८७१ च्या आपल्या मध्य भारतावरील पुस्तकात ह्या गीताला इंग्रजी काव्याचे रूप दिले आणि त्यासाठी लाँगफेलोच्या ‘हायवाथा’चे वृत्त वापरले. लाँगफेलोने ते वृत्त फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतले होते, आणि ‘कालेवाला’ हे काव्य म्हणजे ल्योनरोट ह्यांनी गायकांकडून जमविलेल्या गीतांची स्वतः केलेली जुळणी होय. नागपूरजवळच्या परधानाचे शब्द अशा रीतीने अमेरिकेच्या वाटेने फिनलंडचा पोशाख करून इंग्रज वाचकांसमोर उभे राहिले. फॉर्सिथच्या ठिकाणी रसिकता होती, भाषेवर प्रभुत्व होते, कथेविषयी प्रेमही होते. नव्हती ती एकच गोष्ट : मूळ गीताला स्वतःची लय आहे आणि ती शोधावी लागेल, ही जाणीव. आजच्या अनेक ‘सर्जनशील सादरीकरणां’त फॉर्सिथच पुन्हा अवतरलेला दिसतो, वृत्त तेवढे बदललेले असते.

मराठी वाचकाने अभिमानाने आठवावे असे ह्या परंपरेतील नाव म्हणजे शामराव हिवाळे ह्यांचे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून व्हेरिअर एल्विन ह्यांच्याबरोबर १९३२ साली ते मंडला जिल्ह्यात गेले आणि पुढे आयुष्यभर तेथेच रमले. गोंडांच्या गीतांचा १९३५ चा संग्रह आणि मैकल डोंगरांतील लोकगीतांचा १९४४ चा संग्रह हे दोघांच्या नावावर आहेत. १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर हिवाळे ह्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गोंडांच्या पायरीखाली बसणारा, त्यांच्या दानावर जगणारा, तरी त्यांचा इतिहास आणि त्यांचा बडा देव ज्याच्या बान्यात वसतो असा हा गायक, हिवाळे ह्यांनी प्रथमच माहितीचे साधन म्हणून नव्हे तर अभ्यासाचा विषय म्हणून पुढे आणला. एल्विन हे कवी होते, मानवशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, आणि त्यांच्या लेखनाचे बळ व त्यातील धोका ही दोन्ही त्या कवित्वातून येतात. गीतांच्या त्यांच्या संग्रहांत इंग्रजी रूपांतराला मूळ शब्दपाठापेक्षा पुष्कळ अधिक जागा मिळाली आहे. ते वाचनीय आहे ह्यात शंका नाही. परंतु ज्याला पुढे त्या गीतांतील क्रियापदांची रूपे किंवा पुनरुक्तीची रीत पाहावयाची आहे, त्याच्या हाती फारसे काही राहत नाही.

हिवाळे ह्यांच्या ग्रंथावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि तिचा विचार क्षेत्रीय काम करणाऱ्या प्रत्येकाने करावा अशी ती आहे. परधानाची कला ही यजमानी कला आहे. ठरावीक वर्षांनी तो आपल्या गोंड यजमानाकडे जातो, त्याच्या कुळाचे गौरवगान करतो आणि दान घेतो. अशा कलावंतापुढे पैसे, कागद आणि कुतूहल घेऊन एखादा अभ्यासक येऊन बसला, तर त्याला तो कोणत्या नात्यात बसवील? नव्या यजमानाच्याच. यजमानाला रुचेल ते त्याला मिळेल. प्राचीनता हवी असेल तर प्राचीनता मिळेल, बंडाची गाणी हवी असतील तर तीही मिळतील. हा कलावंताचा अप्रामाणिकपणा नव्हे, ती त्याच्या कलेची रीतच आहे. अभ्यासकाने आपण यजमान झालो आहोत हे न ओळखणे, हा मात्र शास्त्राचा दोष आहे.

प्राणहितेच्या पलीकडे, आदिलाबादच्या राजगोंडांत, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात जे काम केले ते ह्या सर्वांहून एक पाऊल पुढचे होते. १९४८ च्या त्यांच्या ग्रंथात पुराणकथा आणि विधी ह्यांची सांगड घातलेली आहे. कोणती कथा कोणत्या पूजेच्या वेळी गायिली जाते हे सांगितल्यावाचून कथा पुढे येत नाही. त्यांच्याच पुढाकाराने मारलवाई येथे गोंडी शिक्षणाचे केंद्र निघाले आणि देवनागरीत गोंडी वाचनमाला तयार झाल्या. ह्या अभ्यासातून पुढे आलेली एक वस्तुस्थिती भाषाशास्त्रज्ञांनी अद्याप पुरती पचविलेली नाही. तेथील परधानांची घरची भाषा मराठी आहे. आपसांत ते मराठी बोलतात आणि गोंडांचे पुराण गोंडीत गातात. एका समाजाच्या स्मृतीचा रखवालदार दुसऱ्या भाषेत घरसंसार करतो, ह्याचा अर्थ असा की त्याची गोंडी ही शिकलेली, कसलेली, कलेची गोंडी आहे. मातृभाषक निवेदक म्हणून तो पाहणीच्या नियमात बसत नाही, आणि तरीही त्या भाषेतील सर्वांत दीर्घ व सर्वांत गुंतागुंतीची रचना त्याच्याचजवळ आहे. वाक्याचे नमुने गोळा करणाऱ्या पद्धतीला येथे उत्तर नाही. त्याला निवेदक म्हणण्यापेक्षा त्या भाषाप्रकाराचा जाणकार म्हणणे, म्हणजेच सहकारी मानणे, हा केवळ सौजन्याचा नव्हे तर वर्गीकरणाच्या शुद्धतेचा प्रश्न आहे.

परंतु हा परधानाचा नमुना उचलून सूरजागडला लावता येणार नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील हा डोंगराळ मुलूख माडियांचा आहे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील जमीनदाऱ्यांत सूरजागडचे नाव होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा हा भाग त्यात गेला. माडिया ही गोंडीच्याच कुळातील बोली असली तरी राजगोंडांकडील पिढीजात यजमानी येथील सांस्कृतिक जीवनाचा कणा नाही. गीत येथे समूहाचे आहे. एका गटाने ओळ उचलावी, दुसऱ्याने ती झेलावी, पावले त्याच ठेक्यावर पडत राहावीत, अशी त्याची रीत. ते ‘रेला’ ह्या ध्रुपदाने ओळखले जाते. ज्याला बोट दाखवून ‘हा कलावंत’ असे म्हणता यावे, असा माणूस अशा गीतात नसतो. किंवा सगळेच तसे असतात. बस्तरच्या मुरियांवरील एल्विन ह्यांच्या १९४७ च्या प्रसिद्ध ग्रंथामुळे गोटूल म्हणजे तरुण-तरुणींचे शयनगृह अशी एकच कल्पना सुशिक्षितांच्या मनात बसली आहे. सूरजागड परिसरात गोटूल हे गावाच्या बैठकीचे, निवाड्याचे आणि पाहुण्याच्या मुक्कामाचेही स्थान आहे; ग्रामसभा भरते तीही तेथेच. ग्रंथ शेजारच्या मुलखाचा, आणि दृष्टी मात्र येथल्या माणसांवर, असा हा प्रकार आहे.

‘रेला’ ह्या एका शब्दावरूनही पुष्कळ शिकता येते. शब्दसूचीत ‘रेला’ म्हणजे बहावा. उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लवणारे ते झाड. गीतात हाच शब्द ध्रुपदाच्या जागी पुनःपुन्हा येतो. तेथे त्याचा अर्थ ‘बहावा’ असे लिहिणे चूक, आणि ‘निरर्थक पादपूरक’ असे लिहून मोकळे होणे त्याहून मोठी चूक. तो गीताचा प्रकार सांगतो, पावलांचा ठेका धरतो, दुसऱ्या गटाला ओळ कोठे उचलावयाची हे सुचवितो. हे कार्य व्याकरणाच्या कोणत्या प्रकरणात नोंदवावयाचे? बरो आणि भट्टाचार्य ह्यांनी १९६० साली गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह सिद्ध केला, तो द्राविड भाषाशास्त्राचा आजही आधार आहे. तथापि शब्दसंग्रहाचा स्वभावच असा की, त्यात शब्द गातात कसे हे येत नाही. ते गाणाऱ्यांनीच दाखवावे लागते, आणि संगीताच्या जाणकाराने टिपावे लागते. येथे कलावंत, संगीतज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ ह्यांचे एकत्र येणे ही शोभा नव्हे. त्यावाचून वर्णन अपुरे राहते.

आता ज्या कारणाने ही चर्चा केवळ पद्धतीची राहत नाही, त्याकडे वळावे. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. २००७ साली लॉइड्स मेटल्स ह्या कंपनीस सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. २०१६ मध्ये खनिजाची वाहतूक सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी कित्येक वाहने जाळली आणि काम थांबले. २०२१ पासून ते पुन्हा सुरू झाले. ह्याच डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे. दरवर्षी जानेवारीत परिसरातील सुमारे सत्तर गावांचे लोक तेथे यात्रेस जमतात. खाणीला विरोध करणाऱ्या ग्रामसभांनी डोंगर हे आपले देवस्थान असल्याचे वारंवार मांडले आहे. खाणीमुळे रोजगार येईल असे मानणारेही जिल्ह्यात आहेत. वादाचा निकाल देणे हे संशोधनपत्रिकेचे काम नव्हे. परंतु वादात पुरावा म्हणून काय चालते, हे पाहणे तिचे काम अवश्य आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ साली जे नियम झाले, त्यांतील तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो. सामूहिक हक्कासाठी पवित्र वृक्ष, देवराया, तळी, दफनाच्या व दहनाच्या जागा ह्यांचा त्यात उल्लेख आहे. वडीलधाऱ्यांचे कथन चालते. मात्र ते लेखी उतरविलेले असावे लागते. आणि रूढी-परंपरांची नोंद करणारे, भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासारख्या नामांकित संस्थांचे संशोधनही चालते. यादीत गीत नाही. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. त्यामुळे देवस्थानाची गोष्ट ही भावनेची बाब राहिली नसून हक्काची बाब झाली आहे. अशा स्थितीत गावाचा गायक जे गातो तेच विद्यापीठाच्या विभागाने छापले की पुरावा होते, आणि त्याने गायलेले मात्र गाणेच राहते. कायद्याने संशोधकाला दिलेले हे वजन त्याने मागितलेले नाही; पण ते त्याच्या खांद्यावर आहे. हिस्लॉपच्या काळी गायकाचा निर्णय नोंदीतून गळला तर एका पुराणकथेचा अर्थ धूसर होई. आज तो गळला तर एखादी जागा नकाशावरून गळू शकते. उलट, विद्वानाच्या उत्साहात भर घातली गेली आणि ती प्रतिपक्षाने उघडी पाडली, तर खरे असलेलेही खोटे ठरते. डोंगराविषयी लोकांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हा दुसरा धोका कमी लेखू नये.

म्हणून सूरजागडला चित्रकार, चित्रपटकार किंवा कवी ह्यांना घेऊन जाणाऱ्या योजनांकडे दोन्ही बाजूंनी कठोरपणे पाहावे लागेल. केवळ कलावंताच्या सहृदयतेवर सोपविले तर काय होते ह्याचा धडा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, डहाणूच्या वारल्यांत, मिळतो. विणकर सेवा केंद्रातील भास्कर कुलकर्णी हे गुणी आणि निःस्वार्थी चित्रकार. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर मिथिलेतील स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला, आणि पुढे वारल्यांकडे ते गेले. लग्नाचा चौक लिहिणे हे तेथे सुवासिनींचे काम होते. पालघाट देवी त्या चौकात बसे, आणि लग्न झाले की भिंतीवरील त्या चित्राचे कार्य संपे. कागदावर मात्र जिव्या सोमा म्हसे ह्या असामान्य प्रतिभेच्या पुरुषाची चित्रे आली, जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ह्यात वाईट काहीच नाही, किंबहुना म्हसे ह्यांच्या रूपाने एक थोर चित्रकार देशाला मिळाला. पण स्त्रियांच्या विधीपासून पुरुषांच्या व्यवसायाकडे झालेले हे स्थित्यंतर घडत असताना त्याची शास्त्रीय नोंद घेणारा कोणी सोबत असता, तर सुवासिनींचे ज्ञान नंतर आठवणींतून गोळा करण्याची वेळ आली नसती.

झाडीपट्टीतील अनुभव ह्याच्या नेमका उलट आहे आणि तो सूरजागडला जवळचा आहे. भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या ह्या भातपट्ट्यात दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्ररात्र नाटके चालतात. वडसा हे त्या व्यवसायाचे केंद्र. दंडार, खडीगंमत ह्या जुन्या प्रकारांतून वाढलेल्या ह्या रंगभूमीला तिकीट काढून येणारा स्वतःचा प्रेक्षक आहे. परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावच्या प्रेक्षकांनी त्यांना आपले मानले होते. झाडीबोलीचा कोश करणारे हरिश्चंद्र बोरकर हे ह्याच मातीतले. बोलीचा अभ्यास आणि दंडारीसारख्या लोककलांचा अभ्यास त्यांच्या ठिकाणी वेगळे राहिले नाहीत. झाडीपट्टीचा नट अभ्यासकाला यजमान मानीत नाही, कारण त्याचा यजमान मंडपात बसलेला असतो. प्रश्न आवडला नाही तर तो उत्तर देणार नाही, आणि चुकीचे लिहिले तर पुढच्या नाटकात अभ्यासकाचे सोंगही आणील. नकार देण्याची ही सोय ज्या कलावंताला आहे, त्याच्याशीच बरोबरीचे सहकार्य संभवते. माडिया गायकांना ती सोय आज फारशी नाही. पोलीस, खाणीचे लोक, पत्रकार, संशोधक, सगळेच त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येतात.

नकाराची सोय गावाने स्वतः निर्माण केल्याचे उदाहरण त्याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) ह्या गावाने अभ्यासगटाची रीत पाडली. प्रश्न गावाचा; बाहेरचे जाणकार मित्र म्हणून चर्चेत बसतात; निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते, आणि त्यामागे ह्या अभ्यासाचे बळ होते. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा सर्वश्रुत आहे. तीत ‘आपण’ नाही, ‘आम्ही’ आहे. मराठीतला हा भेद द्राविड संपर्कातून आला असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ऐकणाऱ्याला आत घेणारे एक सर्वनाम आणि त्याला बाहेर ठेवणारे दुसरे. संशोधनाच्या सहकार्याचे करार ‘आपण’मध्ये लिहिले जातात, अहवाल ‘आम्ही’मध्ये येतो, आणि त्या ‘आम्ही’त गायक नसतो. मेंढ्याने सर्वनामाची दिशा उलटविली. समाजशास्त्राचे डॉक्टर आणि कादंबरीकार असलेल्या मिलिंद बोकील ह्यांनी ह्या गावावर जे पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘गोष्ट मेंढा गावाची’. अभ्यास, पाहणी, अहवाल ह्यांपैकी एकही शब्द त्यांनी घेतला नाही. शास्त्रज्ञ आणि कलावंत एकाच व्यक्तीत नांदू शकतात ह्याचा तो पुरावा आहे. मात्र गोष्ट सांगणारा येथेही बाहेरचाच आहे, हेही नोंदविले पाहिजे.

सूरजागडच्या बाबतीत ह्या सर्वांतून जे निष्पन्न होते ते फारसे आकर्षक नाही, पण करता येण्याजोगे आहे. यात्रेच्या वेळी गायिली जाणारी गीते आणि डोंगरावरील स्थळनामे ह्यांची नोंद एकत्रच झाली पाहिजे. गीतात जागेचे नाव येत असेल तर ती जागा गाणाऱ्यांनी चालून दाखविल्यावाचून नोंद पुरी समजू नये. एकाच गीताचे दोन गावांतील पाठ भिन्न असतील तर ते जुळवून एक करू नयेत, कारण दोन गावांचे हक्कही भिन्न असू शकतात. मूळ माडिया शब्द, शब्दशः मराठी अर्थ आणि ध्वनिमुद्रण ही तिन्ही गावाजवळ राहावीत; विभागाकडे राहील ती प्रत. प्रश्न विचारणाऱ्यांत एक तरी माडिया तरुण किंवा तरुणी अशी असावी की जिला स्वतःला ओळ उचलता येते. आणि जे सांगावयाचे नाही असे गाव ठरवील, त्या ठिकाणी नोंदीत रिकामी जागा सोडावी. ती अंदाजाने भरू नये. ही रिकामी जागा पुराव्याच्या दृष्टीने दुबळी ठरेल असे वकील म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. गुप्त राखलेल्या गोष्टीवर हक्क सांगता येत नाही, आणि उघड केलेली गोष्ट पूर्वीची राहत नाही, हा पेच विद्यापीठाला सोडविता येणारा नाही.

राहता राहिली सहीची बाब. वडीलधाऱ्यांचे कथन लेखी हवे, आणि लेखी कथनाखाली कोणाचे तरी नाव हवे. एका गटाने उचललेल्या आणि दुसऱ्याने झेललेल्या ओळीला एक धनी नसतो. तिच्या उताऱ्याखाली गोटुलात त्या दिवशी गाणाऱ्या सर्वांची नावे घालावयाची, गावाच्या मुख्याचे घालावयाचे, की केवळ ग्रामसभेचा ठराव जोडावयाचा, हे ग्रामसभेने ठरवावयाचे आहे. आणि ते ठरेपर्यंत विभागाने यंत्र सुरू करू नये.